बा आणि बापू : आजारपणातील सोबत

जोडीदार गंभीर आजारी पडला की घराचे घड्याळ बदलते. दिवस औषधांच्या वेळांवर चालतो, रात्र श्वासाकडे कान लावून जाते. त्यातच मोठे निर्णय घ्यावे लागतात. त्या वेळी आजारी माणसाचे मन कोण विचारात घेतो? कस्तुरबांचे जीवन पाहताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

कस्तुरबांचा जन्म 11 एप्रिल 1869 रोजी पोरबंदर येथे झाला. लहानपणीच त्यांचा विवाह मोहनदास गांधी यांच्याशी झाला आणि साठ वर्षांहून अधिक काळ दोघांनी एकमेकांना साथ दिली.

नोव्हेंबर 1908 मध्ये बापू दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात होते. बा अत्यवस्थ असल्याची बातमी आली. दंड भरला असता तर सुटका झाली असती, पण सत्याग्रही म्हणून त्यांनी तो भरला नाही. बा मात्र त्या आजारपणात पतीविना राहिल्या.

पुढे डर्बनमध्ये बांवर शस्त्रक्रिया झाली. अशक्तपणामुळे भूल न देताच ती करावी लागली. वेदना असह्य होत्या, पण बांनी त्या धैर्याने सोसल्या. काही दिवसांनी प्रकृती पुन्हा ढासळली. डॉक्टरांनी मांसाचा रस दिल्याचे बापूंना कळले. त्यांनी बांच्या खाटेजवळ जाऊन त्यांनाच विचारले. बांनी ठाम नकार दिला. डॉक्टर ठेवून घ्यायला तयार नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. रिक्षाने स्थानक गाठून दोघे रेल्वेने फिनिक्सला निघाले. तिथून आश्रमापर्यंत बांना झोळीतून न्यावे लागले. वाटेत आजारी बाच बापूंना धीर देत होत्या.

कधी भूमिका बदलत. मार्च 1927 मध्ये कोल्हापूर-निपाणी परिसरातील दौऱ्यात बापूंचा रक्तदाब वाढला आणि दौरा थांबवावा लागला. विश्रांतीसाठी त्यांना म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर नेण्यात आले. तिथे बा सोबत होत्या. फेब्रुवारी 1943 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, बापूंनी 21 दिवसांचा उपवास केला. तेव्हाही स्वतःची प्रकृती बरी नसताना बा त्यांच्याजवळ होत्या.

त्याच कैदेत बांचे शेवटचे आजारपण आले. त्याआधी तिथले दिवस साधे होते. बापू त्यांना भूगोल शिकवत. बांना राजधान्या लक्षात राहत नसत, पण कॅरम खेळायला त्यांना फार आवडे. डिसेंबर 1943 नंतर हृदयविकार बळावला आणि आडवे झाले की दम लागू लागला. बसल्या बसल्या डोके टेकवता यावे म्हणून खाटेवर एक लहान लाकडी मेज ठेवण्यात आले. डॉ. सुशीला नय्यर, डॉ. गिल्डर आणि लहान मनू शुश्रूषा करीत.

बांना वैद्यांचे उपचार हवे होते. सरकारी परवानगीला वेळ लागला. वैद्य आले, तरी रात्री त्यांना आत राहू देत नव्हते. ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. बापूंनी याविषयी सरकारला वारंवार लिहिले. ज्याच्या शब्दावर देश उभा राहत होता, त्याला पत्नीच्या औषधासाठी अर्ज करावे लागत होते.

शेवटी पेनिसिलिन मागवण्यात आले. पुत्र देवदास यांना ते द्यावे असे वाटत होते. अखेरच्या क्षणी सुयांचा त्रास नको, अशी बापूंची भूमिका होती. दोघांच्याही मनात प्रेमच होते, तरीही मते वेगळी होती. 22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बापूंच्या मांडीवर डोके ठेवून बांनी देह ठेवला. बापूंनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली. पॅलेसच्या आवारातच त्यांची समाधी आहे.

बांचे ते मेज बापूंनी पुढे जपून ठेवले आणि त्यावर ते जेवत असत.

आज आपल्यापैकी कोणी रुग्णालयात जोडीदाराच्या खाटेजवळ बसले असेल, तर एवढे लक्षात ठेवावे. प्रत्येक निर्णय बरोबर ठरेल असे नाही. बापूंचेही सारे निर्णय आपल्याला पटतीलच असे नाही. पण डर्बनमध्ये त्यांनी आधी बांना विचारले होते. औषध देण्याआधी, डॉक्टर बदलण्याआधी, शक्य असेल तेव्हा आपणही आपल्या माणसाला विचारावे. त्यानंतर हात धरून बसावे. हीसुद्धा सेवाच आहे.