हँडलच्या जाचातून मोटारीला सोडविणारे केटरिंग

रत्नागिरी : कोकणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात जुनी अॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी जिवापाड जपणारे हौशी आजही भेटतात. जुना डायनामो काढून अधिक क्षमतेचा अल्टरनेटर बसवावा, असे त्यांतील अनेकांच्या मनात येते. अशा वेळी मोटारीच्या विद्युतयंत्रणेचा पाया घालणारे चार्ल्स केटरिंग यांचे चरित्र आठवणे उद्बोधक ठरते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, एका शेतकरी कुटुंबात २९ ऑगस्ट १८७६ रोजी केटरिंग यांचा जन्म झाला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडत गेला. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकण्याचे काम केले. १९०४ मध्ये ते विद्युत अभियंता झाले आणि डेटन येथील कारखान्यात त्यांनी विजेवर चालणारे कॅश रजिस्टर घडविले. पुढे १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी डेल्को ही कंपनी स्थापन केली.

त्या काळी मोटार सुरू करण्यासाठी पुढून लोखंडी हँडल फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडत असे. प्रसंगी जीवही जाई. हे काम विजेवर करायचे तर अवजड मोटर लागेल, असा तज्ज्ञांचा समज होता. कॅश रजिस्टरच्या अनुभवाने केटरिंग यांना मात्र उमगले होते, की काम क्षणभराचे असेल तर लहान मोटरही मोठी शक्ती देऊ शकते. त्यांची यंत्रणा १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसली. एकच यंत्र आधी इंजिन सुरू करी आणि नंतर डायनामो होऊन बॅटरी भरी.

१९६० च्या दशकात डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली. मात्र यंत्र बदलले, तरी त्याभोवतीची जुनी वायर आपोआप बदलत नाही. वाढीव प्रवाह जुन्या बारीक वायरीतून वा डॅशबोर्डवरील जुन्या अॅमीटरमधून गेल्यास ती तापून आग लागू शकते. म्हणून अल्टरनेटरच्या क्षमतेला साजेशी जाड वायर आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज हवा. इंजिन व बॉडीच्या अर्थिंगची टोके गंजमुक्त हवीत. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. त्याची खातरजमा आधी करावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे अर्थिंगचे टोक सोडवावे. इंजिन चालू असताना मात्र बॅटरी कधीही सोडवू नये, अन्यथा अल्टरनेटरमधील डायोड जळतात.

एक सुधारणा करताना उरलेल्या व्यवस्थेचे भान सुटले, तर काय होते, याचा दाखलाही केटरिंग यांच्याच चरित्रात आहे. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख असताना, १९२१ मध्ये त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी इंजिनातील ठोके थांबविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय शोधला. केटरिंग यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. इंजिन सुधारले, पण पुढील अनेक दशके शहरांच्या हवेत शिसे मिसळत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग यांचे निधन झाले. आज किल्ली फिरवताच मोटार सुरू होते, हे त्यांचे ऋण आहे. जुन्या मोटारीला नवे यंत्र जोडणाऱ्याने त्यांच्या यशाइतकीच त्यांची चूकही ध्यानी ठेवावी.