सर्पगंधेचे डॉक्टर वकील

शहाडहून लोकल धरून परळच्या केईएम रुग्णालयात येणाऱ्या ज्येष्ठांना रक्तदाबाची गोळी आता चहाइतकी सवयीची झाली आहे. ८० वर्षांपूर्वी अशी खात्रीची गोळी नव्हती. मीठ तोडा, पडून राहा, फारच झाले तर शस्त्रक्रिया, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. ही अडचण सोडवायला घेतली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी.

जन्म १९११चा, मुंबईतला. लंडनमध्ये शिकून ते परतले आणि केईएममध्ये हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. सर्पगंधेची मुळी वैद्यांना जुनीच ठाऊक होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलेही होते. वकिलांचे वेगळेपण मोजमापात. ५० रुग्णांना त्यांनी ती दिली, दाब पुन:पुन्हा तपासला आणि १९४९ मध्ये निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. पाश्चात्त्य डॉक्टर खडबडून जागे झाले. १९५२ मध्ये मुळीतले रेसर्पिन वेगळे काढले गेले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

पण रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत, काहींचे हातपाय जड पडून थरथरत. मेंदूच्या पेशी डोपामिनसारखी निरोप्या रसायने बारीक पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन ही साठवणच बंद पाडते. १९५७ मध्येच स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना लेव्होडोपा टोचले आणि ससे हालूचालू लागले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट इथून निघाली. मुंबईच्या मुळीने मेंदूचे दार उघडले ते असे, आडवाटेने.

वयाचा संबंध इथेच येतो. डोपामिनचा निरोप झेलणारे रिसेप्टर, म्हणजे ग्राही, तरुणपणापासून दर दहा वर्षांना साधारण ५ ते १० टक्क्यांनी घटतात, तेही धडधाकट माणसात. चाल मंदावते, ओळखीचे नाव ओठांवर यायला वेळ लागतो. आधीच ग्राही कमी, त्यात निरोप्याही आटला, तर पंचविशीत सोसलेली मात्रा सत्तरीत अंगावर येते. ‘वयामुळे थकलेत’ म्हणून घरचे जे सोडून देतात, ते कधीकधी औषधाचे काम असते.

वकील १९७४ मध्ये, ६३व्या वर्षी गेले. डॉक्टर आज रेसर्पिन क्वचितच लिहून देतात. सर्पगंधेच्या गोळ्या मात्र अजून मिळतात, आणि चालू औषधे सांगताना आजी-आजोबा त्यांचे नाव घ्यायला बहुधा विसरतात.