बॉबी जोन्स : एक मेकॅनिकल इंजिनिअर असाही!

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. मराठी विभागासाठी लिहिणार का, असं संपादक मंडळानं विचारलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले होते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि इंजिनिअरिंगला आल्यावर दोन्हीची खिचडी! पण एका माणसाबद्दल मला सांगायचंच होतं, आणि ते मराठीतूनच सांगायला हवं होतं. का, ते शेवटी कळेल.

मी जालना जिल्ह्यातल्या जाफराबादची. पूर्णेकाठचं तालुक्याचं गाव. आमच्याकडे गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्येच दिसणारं हिरवंगार गवत आणि हळू आवाजातली कॉमेंट्री. प्रत्यक्ष गोल्फ कोर्स मी एकदाच पाहिलाय, पुण्यात येरवड्याजवळ एअरपोर्ट रोडला, तोसुद्धा रिक्षातून. मग गोल्फरवर लेख कशाला?

त्याचं असं झालं. १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनासाठी आमच्या डिपार्टमेंटला पोस्टर करायचं होतं. विषय होता, इंजिनिअरिंग शिकून दुसऱ्याच क्षेत्रात नाव काढलेली माणसं. नेटवर शोधता शोधता एक नाव सापडलं, बॉबी जोन्स. मेकॅनिकल इंजिनिअर, जॉर्जिया टेक, १९२२. पुढे लिहिलं होतं, जगातला सगळ्यात मोठा हौशी गोल्फ खेळाडू. पोस्टरवर त्याला चार ओळी मिळाल्या. पण माझ्या डोक्यातून तो काही गेला नाही.

त्याची गोष्ट कळायला गोल्फचे दोन प्रकार माहीत हवेत. एक स्ट्रोक प्ले. यात अठराही होलचे सगळे फटके मोजायचे, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. म्हणजे आपल्या सेमिस्टरसारखं, शेवटी टोटल महत्त्वाची. दुसरा मॅच प्ले. यात समोरासमोर दोघंच. प्रत्येक होल ही वेगळी लढत. ज्यानं कमी फटक्यांत बॉल होलमध्ये घातला, तो होल त्याचा. सारखे फटके लागले तर तो होल बरोबरीत. एका होलवर तुमचे दहा फटके लागले तरी फक्त तो एकच होल जातो, पुढच्या होलवर पाटी कोरी. उरलेल्या होलपेक्षा आघाडी जास्त झाली की सामना तिथेच संपतो. सहा होल बाकी असताना कोणी सातनं पुढे असेल, तर निकाल सात-सहा असा लिहितात.

जगभरातल्या गोल्फ क्लबांत अशा नॉकआउट स्पर्धा असतात. ड्रॉ काढतात, हरला तो घरी. हॅन्डिकॅप लावून खेळतात तेव्हा दोघांच्या हॅन्डिकॅपमध्ये जेवढा फरक, तेवढे जादा फटके कच्च्या खेळाडूला ठरलेल्या अवघड होलवर मिळतात. त्यामुळे रिटायर्ड काकासुद्धा कॉलेजच्या पोराला घाम फोडू शकतात. हे सगळं मी फोनवर आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांसारखी जोड लावतात की! अगदी तसंच. फक्त एक फरक. कुस्तीला पंच असतो. क्लबच्या मॅचमध्ये बहुतेक वेळा कोणीच नसतं. आपले फटके आपणच मोजायचे, चूक झाली तर आपणच सांगायची. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता बॉबी. रॉबर्ट टायर जोन्स ज्युनिअर, जन्म १७ मार्च १९०२, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात. वडील वकील, आजोबा पैसेवाले. पोरगं मात्र एकदम नाजूक. पहिली काही वर्षं त्याला धड अन्नसुद्धा पचत नव्हतं. हवापालट म्हणून कुटुंब ईस्ट लेक इथं गोल्फ क्लबच्या जवळ राहायला गेलं. तिथं स्ट्युअर्ट मेडन नावाचे स्कॉटलंडहून आलेले प्रशिक्षक होते. बॉबीनं त्यांच्याकडे रीतसर शिकवणी अशी लावलीच नाही. त्यांच्या मागे मागे फिरायचं, बघायचं आणि घरी येऊन तसंच्या तसं करायचं. आपण सिनिअर्सचं बघून लेथ मशीन चालवायला शिकतो ना, तसंच!

१९१६ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो अमेरिकन अमॅच्युअर स्पर्धेत उतरला. ही देशातली सगळ्यात मोठी हौशी स्पर्धा, मॅच प्ले, नॉकआउट. पहिल्याच फेरीत त्यानं एका माजी विजेत्याला हरवलं. त्या सामन्यात दोघांनीही चिडून काठ्या फेकल्या होत्या म्हणे! दोन सामने जिंकून तो तिसऱ्यात हरला. पेपरांनी डोक्यावर घेतलं आणि सगळ्यांना वाटलं, आता हा पोरगा जिंकतच सुटणार.

पण तसं झालं नाही. पुढची सात वर्षं एकही मोठी स्पर्धा त्याच्या हाती लागली नाही. १९१९ ला अमेरिकन अमॅच्युअरच्या फायनलमध्ये हरला. राग तर नाकाच्या शेंड्यावर. फटका चुकला की काठी भिरकावायची. १९२१ मध्ये अशीच फेकलेली काठी एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागली, आणि संघटनेनं त्याला सक्त ताकीद दिली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीतच, ब्रिटिश ओपन खेळताना तो अकराव्या होलवर वाळूच्या खड्ड्यात अडकला, वैतागला आणि स्पर्धाच सोडून दिली. तिथल्या लोकांना हे अजिबात आवडलं नाही. त्याला स्वतःला या गोष्टीची लाज आयुष्यभर वाटत राहिली.

मला इथं थांबून विचार करावासा वाटला. हा मुलगा हुशार होता, मेहनती होता, मग अडत कुठं होतं? मॅच प्लेमध्ये समोरचा माणूस सतत डोळ्यांपुढे असतो. त्यानं लांब फटका मारला की आपणही जोर लावायचा, त्याचा नशिबानं बॉल गेला की आपलं डोकं फिरायचं. बॉबी समोरच्याशी खेळत होता. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपला खरा प्रतिस्पर्धी पार आहे. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला त्या होलला लागावेत असे ठरलेले फटके. पार कधी चिडत नाही, कधी घाबरत नाही आणि कधी चुकतही नाही. त्याच्याशी बरोबरी करत राहिलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा आपोआप मागे पडतो. शेजारच्याचा पॉइंटर बघून रडण्यापेक्षा आपला पेपर नीट लिहावा, असंच ना हे!

१९२३ मध्ये त्यानं अमेरिकन ओपन जिंकली आणि कुलूप उघडलं. १९२३ ते १९३० या काळात तेरा मोठी विजेतेपदं. हे सगळं हौशी खेळाडू म्हणून, बक्षिसाची एक दमडी न घेता. हे खरं की घरचं बरं होतं म्हणून त्याला हौशी राहणं परवडलं. पण वर्षातले काही आठवडेच तो स्पर्धा खेळायचा, बाकी वेळ शिक्षण. मेकॅनिकल झाल्यावर हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. जॉर्जिया टेककडून आधीच खेळून झालेलं, म्हणून हार्वर्डच्या गोल्फ टीममध्ये त्याला घेता येईना, तर पठ्ठ्या टीमचा असिस्टंट मॅनेजर झाला! मग कायद्याचा अभ्यास सुरू केला, तो पूर्ण व्हायच्या आधीच वकिलीची परीक्षा पास. आणि आपण एका ब्रँचमध्ये दमतो!

आता १९२५ ची अमेरिकन ओपन. ही स्ट्रोक प्लेची स्पर्धा. पहिल्याच फेरीत अकराव्या होलला बॉल वाढलेल्या गवतात गेला. तो फटक्यासाठी उभा राहिला आणि बॉल किंचित हलला. असं झालं तर नियमाप्रमाणे एक फटक्याचा दंड. पण हे पाहिलं कोणीच नव्हतं. बरोबर खेळणाऱ्यानं नाही, अधिकाऱ्यांनी नाही, प्रेक्षकांनी नाही. बॉबीनं स्वतःहून सांगितलं. अधिकाऱ्यांनी परत परत विचारलं, नक्की का? त्यानं दंड लावूनच घेतला. चार फेऱ्या संपल्या तेव्हा तो विली मॅकफार्लेनबरोबर बरोबरीत होता. तो एक फटका नसता तर ओपन तिथेच त्याची होती. मग अठरा होलचा प्ले-ऑफ झाला, पुन्हा बरोबरी. आणखी अठरा होल, आणि त्यात बॉबी एका फटक्यानं हरला. नंतर लोक कौतुक करायला लागले तेव्हा त्याला ते चक्क आवडलं नाही. चोरी केली नाही म्हणून कोणी हार घालतं का, असा त्याचा सूर होता.

१९३० हे त्याचं सगळ्यात मोठं वर्ष. ब्रिटिश अमॅच्युअर सेंट अँड्र्यूजला होती. त्याच्याकडे नसलेलं एकमेव मोठं विजेतेपद. फायनल सोडली तर बाकी सामने फक्त अठरा होलचे, एक वाईट सकाळ आली की खेळ खल्लास. त्याला आठ सामने जिंकावे लागले. सिरिल टॉलीविरुद्ध अठरा होलनंतर बरोबरी. एकोणिसाव्या होलला बॉबीचा बॉल असा थांबला की टॉलीची वाटच अडली. त्या काळी समोरच्याचा बॉल आड आला तरी सहसा उचलायचा नसे, याला स्टायमी म्हणत. हा नियम १९५२ मध्ये गेला. सेमी फायनलला तर पाच होल बाकी असताना तो दोननं मागे होता, तिथून एका होलनं जिंकला. फायनलला रॉजर वेदरेडला मात्र सात-सहा असं आरामात हरवलं.

मग त्याच वर्षी ब्रिटिश ओपन, अमेरिकन ओपन आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकन अमॅच्युअरही जिंकली. शेवटची तर त्याच मेरियन क्लबवर, जिथं चौदाव्या वर्षी तो पहिल्यांदा आला होता! एकाच वर्षात हे चारही किताब दुसऱ्या कोणालाच जमलेले नाहीत. आणि काही आठवड्यांतच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यानं स्पर्धांना रामराम ठोकला. मोठ्या स्पर्धेच्या ताणानं त्याचं वजन आठवडाभरात काही किलोंनी उतरायचं. बाहेरून शांत दिसणारा माणूस आतून किती जळत असेल!

पुढे त्यानं एका कंपनीसाठी स्टीलच्या दांड्यांच्या गोल्फ काठ्या डिझाइन केल्या. इथं आपली ब्रँच कामी आली! त्याच्या जुन्या हिकरी लाकडाच्या काठ्या त्यानं नुसत्या हाताच्या अंदाजानं निवडल्या होत्या. नंतर त्या तपासल्या तर एक सोडून सगळ्यांचा तोल जुळला, आणि ती एक म्हणजे त्याला नेहमी त्रास देणारीच काठी होती, असं सांगतात. ऑगस्टाचा प्रसिद्ध गोल्फ कोर्स त्यानं अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांच्याबरोबर आखला. १९३४ मध्ये तिथं सुरू झालेली स्पर्धा आज मास्टर्स म्हणून ओळखली जाते. एक गोष्ट मात्र मला खटकते. या क्लबनं १९९० पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला आणि २०१२ पर्यंत एकाही बाईला सभासद केलं नाही. बॉबी १९७१ लाच गेला, पण क्लब उभा केला त्यानंच. स्वतःचा बॉल हललेला त्याला दिसला, हे दिसलं नाही. मोठ्या माणसांचंही सगळंच मोठं नसतं.

१९४८ नंतर त्याला पाठीच्या कण्याचा दुर्धर आजार झाला. आधी काठी, मग व्हीलचेअर. तरी १९५८ मध्ये तो सेंट अँड्र्यूजला गेला. ज्या गावात तरुणपणी खेळ अर्धवट सोडला, त्याच गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्याच्या आधी हा मान बेंजामिन फ्रँकलिन या एकाच अमेरिकनाला मिळाला होता. १८ डिसेंबर १९७१ ला बॉबी गेला. तिथल्या जुन्या कोर्सच्या दहाव्या होलला आज त्याचं नाव आहे.

आता शेवट. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या बॅडमिंटन नॉकआउटमध्ये मी क्वार्टर फायनल जिंकले, हे काही जणांना आठवत असेल. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस. समोरच्या ज्युनिअरचा फटका बाहेर चालला होता आणि मी रॅकेट मागे घेताना शटल फ्रेमला हलकेच घासून गेलं. अंपायरला दिसलं नाही. त्यानं आउट दिलं. पॉइंट मला, पुढचाही मीच घेतला, मॅच माझी. दुसऱ्या दिवशी सेमी फायनलला हरले, त्यामुळे वाटलं फिटंफाट झाली. घरी फोन केला तर आजोबांनी जाफराबादेत पेढे वाटले!

बॉबीचं ते १९२५ चं वाचल्यावर मात्र झोप लागेना. शेवटी तिच्या रूमवर गेले आणि सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली की ऐन वेळी आपलाच फटका बाहेर गेला, म्हणून ती कितीतरी दिवस स्वतःलाच दोष देत होती. मी काय घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, एक पॉइंट.

आजोबांना अजून सांगितलेलं नाही. जत्रेतल्या कुस्त्यांबद्दल ते नेहमी म्हणतात की पाठ टेकली हे पंचाच्या आधी पैलवानाला कळतं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आपलं मॅगझिन घरी नेलं की मराठी विभाग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. म्हणून हा लेख मराठीत.

आजोबा, त्या दिवशी मी जिंकले नव्हते. पेढ्यांचे पैसे माझ्याकडे लागू.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल