सरपण कापणारा स्तोत्रकार : जोसेफ स्क्रिव्हन

टोरांटोच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर पोर्ट होप हे लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील रस्त्यांवरून हाती करवत घेतलेले एक गृहस्थ जाताना दिसत. विधवांचे व आजाऱ्यांचे सरपण ते विनामूल्य कापून देत. मजुरी देऊ शकणाऱ्यांचे काम मात्र स्वीकारत नसत, अशी त्यांची ख्याती होती. हे गृहस्थ म्हणजे जोसेफ स्क्रिव्हन.

१० सप्टेंबर १८१९ रोजी आयर्लंडमधील बॅनब्रिजजवळ एका सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला. ईस्ट इंडिया कंपनीसाठी सैनिकी अधिकारी घडवणाऱ्या अ‍ॅडिस्कमच्या विद्यालयात ते दाखल झाले. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि हिंदुस्थानची वाट खुंटली. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते पदवीधर झाले. विवाह तोंडावर आला असताना त्यांची वाग्दत्त वधू बुडून मरण पावली. ते दुःख उरी घेऊन १८४० च्या दशकात त्यांनी कॅनडा गाठला.

१८५५ च्या सुमारास, मायदेशी दुःखात असलेल्या आईच्या सांत्वनासाठी त्यांनी एक प्रार्थनागीत लिहिले. येशू हा जिवलग सखा आहे, मनावरचा भार त्याच्यापुढे उतरवावा, हा त्याचा आशय. पाचच वर्षांनी त्या श्रद्धेची कसोटी लागली. राइस लेक परिसरातील एलायझा रोश हिच्याशी त्यांचा विवाह ठरला होता. परंतु १८६० मध्ये आजारपणात तीही निवर्तली. आईला दिलेला धीर आता त्यांना स्वतःला हवा होता.

स्क्रिव्हन पुढे अविवाहितच राहिले. जवळचे ते गरजूंना देत, मिळेल तेथे ख्रिस्ताचा संदेश सांगत. स्वतःचे ओझे प्रार्थनेत उतरवावे आणि मोकळ्या हातांनी दुसऱ्याचे उचलावे, हाच त्यांच्या आनंदाचा मार्ग होता.

त्यांचे गीत प्रथम निनावी प्रसिद्ध झाले. १८६८ मध्ये चार्ल्स कॉन्व्हर्स यांनी त्याला चाल दिली आणि ‘व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस’ या नावाने ते अनेक देशांतील चर्चमध्ये पोहोचले.

उत्तरायुष्यात दारिद्र्य, आजार आणि खिन्नता यांनी स्क्रिव्हन यांना पुन्हा घेरले. १० ऑगस्ट १८८६ रोजी बुडून त्यांचा मृत्यू झाला. एलायझाच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. श्रद्धेने त्यांच्या आयुष्यातील अंधार संपला नाही. पण त्या अंधारात त्यांनी लावलेला दिवा आजही असंख्य खचलेल्या मनांना उजेड देतो.