सरखेल कान्होजी आंग्रे आणि समुद्रातले त्यांचे स्मारक

सवाई जयसिंह महाराजांनी १७२७ साली जयपूर नगराची पायाभरणी केली, त्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर एका वयोवृद्ध मराठी दर्यावर्दीची सत्ता अबाधित होती. ज्या नगरीने आम्हां मराठी कुटुंबांना आसरा दिला, ती नगरी आणि सरखेल कान्होजी आंग्रे हे समकालीन होत, ही गोष्ट सहसा आमच्या ध्यानात येत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांचे स्मरण करावे असे वाटले, त्याला एक घरगुती कारणही आहे.

काही वर्षांपूर्वी रजा-प्रवास सवलतीचा लाभ घेऊन आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो होतो. जलमहालाच्या तलावापलीकडे पाणी न पाहिलेली आमची मुले सिंधुदुर्गाजवळ डोळ्यांवर काच आणि तोंडात हवेची नळी लावून पाण्यावर पालथी तरंगली आणि खालची प्रवाळे पाहून हरखून गेली. होडीवाल्या तांडेलाने सांगितले की, याहून कितीतरी मोठी प्रवाळे दूर आत, आंग्रिया नावाच्या उथळ्यावर आहेत. त्यावर धाकट्याने विचारले, आंग्रिया म्हणजे इंग्रजी पुस्तकातला तो समुद्री चाचाच ना? त्या वेळी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहोत.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात चाकरीस होते. सुवर्णदुर्गास सिद्दीचा वेढा पडला असता तरुण कान्होजी शत्रूच्या हाती सापडले आणि त्याच्या कैदेतून निसटून पोहत किल्ल्यात परतले, अशी आख्यायिका आहे. १६९८ च्या सुमारास ते मराठी आरमाराचे सरखेल झाले. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे जलदुर्ग त्यांच्या सत्तेचे आधारस्तंभ होते. त्यांची गुराबे आणि गलबते इंग्रजांच्या जहाजांपुढे लहान; तथापि ती उथळ पाण्यात सहज शिरत. कोणत्या खाडीच्या तोंडाशी खडक आहे, कोणत्या भरतीला तो बुडतो, हे त्यांच्या खलाशांना पाठ असे. परक्यांना मारक ठरणारा किनारा कान्होजींना तारक ठरला.

त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. न घेणारे जहाज पकडले जाई. वास्तविक पोर्तुगीज लोक सुमारे दोन शतके असाच परवाना आपल्या लोकांच्या माथी मारीत आले होते. त्यांनी केला तो कायदा आणि कान्होजींनी केली ती चाचेगिरी, असा हा न्याय होता!

१७१३ साली त्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. परंतु पुढील वर्षी बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि मराठी दौलतीतील फूट बरीचशी सांधली गेली. इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली विजयदुर्गावर चढाई केली, दोन्ही फसल्या. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी सुमारे सहा हजार सैन्यानिशी कुलाब्यावर मिळून हल्ला केला. शाहू महाराजांच्या आज्ञेने बाजीराव मदतीस आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत परतले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या बाजूस पेशव्यांचे सैन्यही होते, हे दुःखाने नमूद करावे लागते.

ज्यांनी त्यांना चाचा म्हटले, त्यांच्याच भाषेतील सागरी नकाशांत मात्र त्यांचे नाव राहिले. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्राखाली सुमारे चाळीस किलोमीटर लांबीचे एक पठार आहे; तेच आंग्रिया. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असल्याने तेथे नळी लावून तरंगण्याचा उपयोग नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारावी लागते. पावसाळ्यात नद्यांचा गाळ किनाऱ्याचे पाणी गढूळ करतो. तो इतक्या दूर पोहोचत नाही, म्हणून सूर्यप्रकाश खोलवर जातो व प्रवाळे वाढतात. प्रवाळ हा दगड नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. त्यांच्या देहात राहणारी शैवले प्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की हा सहवास तुटतो, प्रवाळे पांढरी पडतात आणि उष्मा टिकला तर मरतात. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन पाहणी केली. या उथळ्यास कायद्याचे संरक्षण मिळावे, अशी मागणीही पुढे आलेली आहे.

मुंबईतील नौदलाच्या तळास आंग्रे यांचे नाव आहे, खांदेरी बेटासही १९९८ पासून त्यांचेच नाव आहे. परंतु ज्या स्मारकावर फूल वाहता येत नाही, जे बुडी मारल्यावाचून दिसत नाही आणि जे जिवंत असल्यामुळे मरूही शकते, असे त्यांचे स्मारक हे एकच. तेव्हा आमच्या धाकट्यास उत्तर असे की, बाळा, आंग्रिया हा चाचा नव्हे. आपल्या समुद्राची राखण करणारा तो सरखेल होता. त्याचे नाव मिरविणाऱ्या प्रवाळांची राखण करण्याची पाळी आता तुमची आहे.