आगीला लगाम घालणारा कॉर्नेलिस ड्रेबेल

गीझरमधलं पाणी तापलं की दिवा आपोआप विझतो. हे काम थर्मोस्टॅटचं. पण वीज, सेन्सर, चिप यातलं काहीच नव्हतं, त्या काळात एका माणसाने चक्क आगीकडून हेच काम करून घेतलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कॉलेजच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकात त्याचं नाव एका परिच्छेदात उरकलं होतं. मला मात्र त्याचं आख्खं आयुष्य वाचण्यासारखं वाटतं.

कॉर्नेलिस ड्रेबेलचा जन्म १५७२ मध्ये नेदरलँड्समधल्या आल्कमार गावी झाला. हार्लेमला हेंड्रिक गोल्टझियस या नामांकित कलाकाराकडे तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायला शिकला आणि पुढे गोल्टझियसच्या घरचाच जावई झाला. पण मन रमलं यंत्रांत. १५९८ मध्ये त्याला पाणीपुरवठ्याची यंत्रणा आणि स्वतःहून चालणारं घड्याळ यांचं पेटंट मिळालं. पुढे तो इंग्लंडला गेला. राजा पहिला जेम्स त्याचं असंच एक यंत्र बघून खूश झाला. मग प्राग, सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा दरबार. रुडॉल्फची सत्ता गेली आणि ड्रेबेल थेट तुरुंगात! सुटका झाल्यावर स्वारी परत लंडनला. १६२० च्या सुमारास त्याने थेम्स नदीत वल्ह्यांनी चालणारी पाणबुडी चालवून दाखवली.

त्याच सुमाराला त्याने बनवलं अंडी उबवायचं यंत्र. अडचण सरळ होती. अंड्यांना दिवसरात्र सारखी ऊब हवी, आणि आग कधी भडकते, कधी मंदावते. सतत राखण करत बसणार कोण?

ड्रेबेलने दुहेरी भिंतींची पेटी केली. दोन भिंतींच्या मधे पाणी, खाली आग. आत अल्कोहोल भरलेलं भांडं आणि त्याला जोडलेल्या नळीत पारा. ऊब वाढली की अल्कोहोल फुगतं, पाऱ्याला ढकलतं. पाऱ्यावरचा दांडा वर सरकतो आणि धुराड्याचं झाकण मिटू लागतं. हवा कमी, आग मंद. गार झालं की सगळं उलट. दांड्याची लांबी बदलली की हवं ते तापमान सेट! आजच्या भाषेत हा फीडबॅक लूप.

आणि खरी हुशारी कशात आहे? आग किती वेळ जळली, हे तो मोजत नाही. जे उबदार ठेवायचंय, तिथलंच तापमान तो विचारतो.

थंड देशांत बऱ्याच घरांत बॉयलर असतो. तोच खोल्या तापवतो आणि अंघोळीच्या पाण्याची टाकीही. टाकीतल्या कॉइलमधून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. या टाकीचं कंट्रोल निवडताना ड्रेबेलचाच नियम लावा. नुसता टायमर लावला तर तो फक्त वेळ मोजतो. पाहुणे आले, पाणी संपलं, त्याला पत्ताच नाही. म्हणून सेन्सर टाकीलाच हवा. तो पाणी गार झाल्याचं सांगतो, मग पंप आणि बॉयलर चालू होतात.

सेटिंग साधारण ६० अंश सेल्सिअस ठेवतात. कोमट टाकीत लीजनेला नावाचे जीवाणू वाढतात, त्यातून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हणून नळाआधी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लागतो. चालू-बंद होण्याच्या तापमानांत काही अंशांचं अंतरही हवं. ते फारच कमी असेल तर बॉयलर सारखा चालू-बंद होत राहतो, आणि जास्त असेल तर अंघोळीला कोमट पाणी. शिवाय एक वेगळा सुरक्षा कटऑफ हवाच. मुख्य थर्मोस्टॅट अडकला तर उष्णता तोडणारं दुसरं कुणीतरी पाहिजे ना!

ड्रेबेलच्या स्वतःच्या आयुष्याला असा कटऑफ नव्हता. १६२० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधल्या ला रोशेलच्या मोहिमेत इंग्रज आरमार हरलं. त्यात ड्रेबेलची स्फोटकंही होती. त्यानंतर राजाश्रय आटला. शेवटची वर्षं त्याने लंडनमध्ये दारूचा गुत्ता चालवून काढली आणि १६३३ मध्ये तो गरिबीतच गेला. या यंत्राबद्दल स्वतः त्याने लिहून ठेवलेलं काही हाती नाही. ते आपल्याला कळलं त्याच्या जावयांच्या कुफलर घराण्यामुळे. त्यांनी यंत्र जपलं, लोकांना दाखवलं, म्हणून ते इतिहासात राहिलं.

मला यातून एक गोष्ट पक्की पटली: भारी कोड लिहिणं हे अर्धंच काम. दुसऱ्याला कळेल असं डॉक्युमेंटेशन लिहिलं नाही, तर ते आपल्याबरोबरच विझतं. सगळ्यांना काही कुफलरसारखे जावई मिळत नाहीत.