दोन चष्म्यांचा एक चष्मा

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. वडील साबण व मेणबत्त्या करून विकीत. घरात माणसे पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्यामुळे बेंजामिनची शाळा दहाव्या वर्षीच सुटली. बाराव्या वर्षी, म्हणजे तुमच्याच वयात, तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. वाचनाचे वेड विलक्षण! संध्याकाळी उसने आणलेले पुस्तक सकाळी परत द्यावयाचे असे, म्हणून तो रात्री जागून वाची. पुढे मुद्रक, लेखक, विजेचे संशोधक आणि मुत्सद्दी म्हणून त्यांनी मोठे नाव मिळविले. ती सारी हकीकत येथे सांगत नाही. त्यांच्या चष्म्याचीच सांगतो.

चाळिशी उलटली की डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते व जवळची अक्षरे अंधूक दिसू लागतात. आपल्याकडे तर चष्म्याला ‘चाळिशी’ असे नावच पडले आहे. फ्रँकलिन यांना लांबचे पाहण्यासाठीही निराळा चष्मा लागे. प्रवासात वाचताना एक लावावयाचा आणि बाहेरची शोभा पाहावयाची झाली की तो काढून दुसरा चढवावयाचा. हवा तो चष्मा वेळेवर हाताशी असेलच असेही नव्हते.

१७७६ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते आपल्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धास साहाय्य मागण्यासाठी फ्रान्सला गेले. तेथे ते साडेआठ वर्षे राहिले. फ्रेंच भाषा त्यांच्या कानांना पुरती सरावाची नव्हती. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला म्हणजे अर्थ उमगे. परंतु मेजवानीत पानातले पदार्थ दिसावेत असा चष्मा लावला, तर समोरचा चेहरा अस्पष्ट. चेहऱ्यासाठी लावला, तर पान अस्पष्ट! चष्मे बदलीत बसावे, तर बोलणे निसटून जाई. आणि ज्यांच्याकडे मदत मागावयाची, त्यांचे बोलणे निसटून कसे चालेल?

अखेर त्यांनी दोन्ही चष्म्यांची भिंगे मधोमध कापविली. लांबचे, कमी फुगीर अर्धे वर आणि जवळचे, अधिक फुगीर अर्धे खाली, असे एकाच चौकटीत बसवून घेतले. मग चष्मा सदैव डोळ्यांवर. नजर तेवढी खाली-वर करावयाची.

हा चष्मा काही विशिष्ट डोळ्यांनाच उपयोगी पडेल, असे लंडनचे प्रख्यात चष्मेवाले डॉलंड यांचे मत पडले. त्यांना त्याची रचना नीट कळली नसावी, असे फ्रँकलिन यांनी १७८५ साली एका मित्रास पत्राने कळविले. या चष्म्यामुळे आपणास फ्रेंच अधिक चांगले समजते, असेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले. त्याच वर्षी ते मायदेशी परतले. १७९० साली फिलाडेल्फिया येथे त्यांचे देहावसान झाले. अशा चष्म्यास आज ‘बायफोकल’ म्हणतात. एखाद्या आजोबांच्या चष्म्यावर ती आडवी रेघ अजूनही दिसते.